बेटावरच्या चढाईचा वॉरगेम आखताना

इंदूरपासून समुद्र लांब आणि फौजी प्रशिक्षणाचे महू जवळ. त्यामुळे आमच्या गटात किनाऱ्यावर वाढलेले लोक मोजके, पण सँड मॉडेलभोवती, म्हणजे वाळूत मांडलेल्या रणभूमीभोवती, उभे राहून लढाई शिकलेले आणि शिकवलेले लोक पुष्कळ. निवृत्तीनंतर इंदुरातच घर केलेले काही फौजी अधिकारी, दोघेतिघे इंजिनियर आणि बोर्डावरचे वॉरगेम, म्हणजे सोंगट्यांनी आणि फाशांनी लढायच्या लढाया, वर्षानुवर्षे खेळणारी तरुण मंडळी असे मिळून आम्ही हा सिनॅरिओ बांधला. काम असे होते: काळ आजचा, बेट काल्पनिक, एक बाजू ते घेणार, दुसरी राखणार, आणि सगळे दोन दिवसांत बसले पाहिजे. लाल बाजू चढाई करणारी, निळी राखणारी. देशांना खऱ्या देशांची आठवण होईल अशी नावे द्यायची नाहीत, हे आधीच पक्के केले. नाव ओळखीचे वाटले की खेळाडू समोरच्या नकाशावर खेळत नाही, पेपरात वाचलेल्या मतांवर खेळतो.

आखणीचा पाया एकच धरला. बेटाची लढाई वाळूवर सुरू होत नाही, जहाजात माल भरताना सुरू होते. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण खांदेरीचे आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी बांधायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आणि सिद्दीने बेट अडवायला जहाजे लावली. इंग्रजांची जहाजे मोठी आणि तोफा भारी होत्या. तरी मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हलक्या होड्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोचवत राहिल्या, आणि खांदेरी राहिली. तिथे निकाल तोफांनी लावला नाही, पोचलेल्या धान्याने आणि दारूगोळ्याने लावला. आमच्या खेळात हेच दिसले पाहिजे होते. म्हणून लढाईच्या नियमांना दोन पाने दिली आणि वाहतुकीच्या नियमांना सात.

नकाशा करताना पहिला मोह होतो तो खरे बेट घेऊन उलटेसुलटे फिरवण्याचा. तसे करू नये. नकाशे वाचणारा माणूस दहा मिनिटांत बेट ओळखतो आणि मग तिथल्या खऱ्या तळांची माहिती खेळात आणतो. आम्ही बेट कोऱ्या कागदावर काढले, पण भूगोलाच्या शिस्तीने. लांबी ४२ किमी, रुंदी १८ किमी, मधोमध ४०० मीटर उंचीची डोंगररांग. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो म्हणून पश्चिम किनारा कड्यांचा, पूर्वेकडे खाड्या, खारफुटी आणि वाळूचे तीन किनारे. सात मीटर खोलीचा एकच धक्का, त्यालगत गाव, आणि २,१०० मीटरची एकच धावपट्टी. वस्ती ६० हजार. लालच्या भूमीपासून अंतर २४० किमी.

हे २४० विचार करून निवडले आहेत. १२ नॉटने चालणारा ताफा ताशी सुमारे २२ किमी कापतो, म्हणजे अकरा तास. थंडीतली रात्र साधारण तेवढीच. संध्याकाळी सहाला निघालेली जहाजे पहाटे पाचला बेटासमोर असतात. पण ताफा सगळ्यांत हळू जहाजाच्या चालीने चालतो. ९ नॉटचे एखादे मालवाहू जहाज सोबत घेतले की चौदा तासांहून जास्त लागतात आणि दुपारी तीनच्या आधीच, भर उजेडात निघावे लागते. अंतर १५० ठेवले असते तर हा पेच उरला नसता, आणि ५०० ठेवले असते तर लपून जाण्याची आशाच नसती.

नकाशे षट्कोनी घरांत विभागले: जमिनीच्या नकाशात एक षट्कोन २ किमीचा, समुद्राच्या नकाशात २० किमीचा. बेटाचा षट्कोन ४ सेंमीचा धरला की नकाशा ८४ बाय ३६ सेंमी होतो, कडेचा समुद्र धरून मीटरभर. फ्लेक्सवर छापू नका. ट्यूबलाइटखाली तो चमकतो आणि बसलेल्या माणसाला निम्मा नकाशा पांढरा दिसतो. मॅट व्हिनाइल घ्या. वर टाल्क पसरायचा, म्हणजे फौजेत नकाशावर घालतात तो पारदर्शक कागद, आणि त्यावर चायनाग्राफ पेन्सिलीने आखायचे. प्रत्येक फेरीचा टाल्क जपून ठेवला की नंतरच्या चर्चेत कोण कुठे होते यावर वाद होत नाही. सोंगट्यांसाठी खजुरी बाजारात मिळणारा जाड कार्डपेपर पुरतो. फक्त कापायच्या आधी दोन्ही बाजू चिकटवून एक रात्र वजनाखाली ठेवावा, नाहीतर सोंगट्या कडेने वाकतात.

एक फेरी सहा तासांची, एकूण वीस फेऱ्या, म्हणजे खेळातले पाच दिवस. सहा तास घेण्याचे कारण भरती-ओहोटी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरती रोज ५० मिनिटे पुढे सरकते. पाच दिवसांत हा फरक चार तासांवर जातो. पहिल्या दिवशी सकाळच्या फेरीत पाणी चढते होते म्हणून पाचव्या दिवशीही असेल असे धरणारा खेळाडू फसतो. आम्ही फेऱ्यांच्या पट्टीखाली भरतीची वेगळी पट्टी छापली आणि ती दोन्ही बाजूंना उघड ठेवली. चंद्र कुणाची गुप्त माहिती नसतो.

भरतीची मात्रा किती घ्यायची यावर बराच खल झाला. आमच्या मंडळींना जवळचा समुद्र म्हणजे खंबातचे आखात. तिथे भावनगरकडे उधाणात पाणी दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते. १९५० मध्ये कोरियातल्या इंचॉनला अमेरिकनांना जवळपास तशीच भरती मिळाली. सकाळची तुकडी एका भरतीला उतरली, तिला कुमक मिळाली ती संध्याकाळच्या भरतीला. एवढी मात्रा घेतली तर खेळ भरतीपुरताच उरतो. आम्ही मुंबईसारखी चार मीटर घेतली. किनाऱ्याचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल तर ओहोटीला २०० मीटर वाळू उघडी पडते, १०० ला १ असेल तर ४०० मीटर. ही २०० किंवा ४०० मीटर उघड्यावर चालत जायची आहेत. तीन किनाऱ्यांना तीन वेगळे उतार दिले, आणि सगळ्यांत सोयीचा उतार धक्क्यापासून सगळ्यांत दूर ठेवला.

इथे कोकणातला जुना ठोकताळा कामी आला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे आजही असाच हिशेब करतात. चढाईचा दिवस लालने तीन तिथींतून निवडायचा. वद्य अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटेच भरती पूर्ण होते. त्यानंतर टेकलेले जहाज उतरत्या पाण्यात वाळूवर बसते आणि पुढची भरती येईपर्यंत बारा तास हलत नाही. शिवाय ती भांगाची भरती, पाणी कमी. वद्य द्वादशीला भरती नऊला, चंद्र उगवतो पहाटेच्या सुमारास, म्हणजे बहुतेक रात्र काळोखी आणि उजाडताना पाणी चढते. अमावस्येला रात्र पूर्ण काळी आणि उधाण, पण उजाडताना नेमकी ओहोटी. वाळू लांब, मात्र पाण्यातले अडथळे उघडे पडलेले दिसतात. द्वादशी सगळ्यांत चांगली हे कोणालाही कळते, निळ्यालाही कळते. म्हणून द्वादशीला निळ्याची सावधगिरी एक पायरी वर ठेवली. तेव्हापासून तिन्ही तिथी खरोखर निवडल्या जाऊ लागल्या.

पाण्याचा हिशेब चुकला की काय होते याचे दोन दाखले आम्ही खेळाडूंच्या पुस्तिकेतच दिले. २० नोव्हेंबर १९४३ ला पॅसिफिकमधल्या तारावाला अमेरिकी चढाईत पाणी अपेक्षेपेक्षा कमी राहिले, होड्या प्रवाळाच्या कडेवरच अडल्या आणि सैनिकांना शेकडो मीटर पाण्यातून, गोळीबारात चालावे लागले. दुसरा दाखला आपलाच. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारजवळ आपली जहाजे किनाऱ्याआधीच वाळूच्या पट्ट्यावर टेकली आणि पट्ट्यापलीकडे पाणी पुन्हा खोल होते. उतरलेले काही जवान त्यात बुडाले. म्हणून आमच्या एका किनाऱ्यासमोर असाच पट्टा आहे. तो नकाशावर छापलेला नाही. लालने आधी पाणबुडे पाठवून तपासणी केली तरच पंच तो दाखवतात, आणि तपासणीला एक रात्र खर्ची पडते.

आता जहाजात माल भरणे. सुरुवातीला सगळे टनांत मोजले होते. ते चालत नाही, कारण असे जहाज वजनाने भरण्याआधी जागेने भरते. मग प्रत्येक जहाजाचे कार्ड केले. किनाऱ्याला टेकणाऱ्या मोठ्या जहाजाच्या कार्डावर ४० सेंमीच्या दोन पट्ट्या, प्रमाण १ सेंमीला २ मीटर. गाड्यांसाठी पुठ्ठ्याचे तुकडे: रणगाडा ५ सेंमी, ट्रक ४ सेंमी, १५५ मिमीची तोफ तिच्या ओढगाडीसह ८ सेंमी. खेळाडू तुकडे पट्टीवर मांडतो, आणि दाराशी जे असेल तेच आधी उतरते. एका जहाजात १६ रणगाडे मावतात किंवा २० ट्रक. चार जहाजे मिळून ३२० सेंमी होतात, आणि लालच्या पूर्ण ब्रिगेडला लागतात ७०० च्या आसपास. निम्म्याहून जास्त फौज पहिल्या रात्री मागे ठेवावीच लागते. काय मागे ठेवायचे हा या सिनॅरिओतला पहिला आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा निर्णय आहे.

तुकडे हातात आले की खेळाडू आधी रणगाडे मांडतात. मग पंच त्यांना रसदीचा तक्ता देतात. ३,००० माणसांना दिवसाला माणशी १० लिटर पाणी धरले तर ३० टन. सहा तोफांनी दिवसाला प्रत्येकी १०० गोळे टाकले आणि गोळा व दारू मिळून ५० किलो धरले तर आणखी ३० टन. पाच टनी ट्रकात भरले तर प्रत्येकी सहा ट्रक, म्हणजे २४ सेंमी पाण्याला आणि २४ सेंमी गोळ्यांना, तेही एकाच दिवसाचे. अन्न, इंधन, जखमींची व्यवस्था अजून बाकीच. एवढे पाहिल्यावर रणगाड्यांचे तुकडे पट्टीवरून निघू लागतात. भरताना क्रम चुकला तर दुरुस्ती महाग पडते. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या मोहिमेत जहाजे अशी भरली होती की ती अलेक्झांड्रियाला नेऊन पुन्हा लावावी लागली आणि त्यात आठवडे गेले. आमच्या नियमात समुद्रावर निघाल्यानंतर तुकड्यांची जागा बदलता येत नाही.

जहाज बुडाले की त्याच्या कार्डावरचे सगळे जाते. हा नियम कठोर वाटतो, पण बदलू नये. २५ मे १९८२ ला ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात फॉकलंड बेटांजवळ अटलांटिक कन्व्हेयर या ब्रिटिश जहाजावर क्षेपणास्त्र आदळले आणि त्यावरची तीन चिनूक हेलिकॉप्टरे त्याच्याबरोबर गेली. जी फौज हवेतून न्यायची होती तिला पाठीवर ओझे घेऊन बेट पायी तुडवावे लागले. आमच्या खेळात हेलिकॉप्टरे एकाच कार्डावर ठेवणारी लाल बाजू हे एकदाच करते.

क्षेपणास्त्रांसाठी वेन ह्यूज या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने मांडलेले मारामारीचे गणित सोपे करून घेतले: आलेल्या क्षेपणास्त्रांतून अडवलेली वजा करा, उरलेली जहाजाच्या सोसण्याच्या ताकदीशी ताडून पाहा. निळ्याकडे सहा गाड्या, प्रत्येकीवर चार, एकूण २४. लालच्या ताफ्यासोबत दोन फ्रिगेट, म्हणजे राखणीच्या युद्धनौका. प्रत्येक फ्रिगेटसाठी एक फासा: १-२ पडले तर दोन अडवते, ३-४ ला तीन, ५-६ ला चार. म्हणजे दोघी मिळून कमीत कमी चार अडवतातच. एका वेळी चार सोडणाऱ्याची सगळी क्षेपणास्त्रे वाया जातात. आठ सोडली तर सरासरी दोन पोचतात, आणि टेकणाऱ्या जहाजाला दोन पुरे. आठांचा मारा पूर्ण फुकट जाण्याची शक्यता नवात एक. मग सगळी २४ एकदम का सोडू नयेत? कारण सोडलेली गाडी लालच्या ड्रोनला दिसते आणि जागा बदलायला तिला एक फेरी लागते, शिवाय दुसरी लाट अजून यायची असते. साठा थोडा असणे महत्त्वाचे. १९८२ मध्ये अर्जेंटिनाकडे विमानातून डागायची एक्झोसेट क्षेपणास्त्रे पाचच होती, आणि त्या पाचांनी ब्रिटिशांच्या सगळ्या हालचालींवर दडपण ठेवले. साठा अमर्याद ठेवला की विचार संपतो आणि फासे टाकणे उरते.

पाणसुरुंग स्वस्त आणि मंद, म्हणून खेळाडू विसरतात. १९५० च्या ऑक्टोबरात कोरियातल्या वॉनसानसमोर सुरुंग काढेपर्यंत अमेरिकी ताफा दिवसेंदिवस समुद्रात येरझारा घालत राहिला, आणि तोवर शहर जमिनीवरून घेतलेही गेले होते. आमच्याकडे एक वाट मोकळी करायला दोन फेऱ्या लागतात.

उपग्रह आणि ड्रोन यांचा तपशील मोहात पाडतो, पण प्रत्येकाची भ्रमणकक्षा मांडत बसलो तर फेरी संपत नाही. समुद्रातल्या प्रत्येक गटासाठी एक फासा: ५ किंवा ६ पडले की तो दिसला. दिसतो म्हणजे काहीतरी आहे एवढेच कळते. मासेमारी होड्यांच्या ६० कोऱ्या सोंगट्या समुद्रभर असतात आणि नकाशावर त्या जहाजांसारख्याच दिसतात. सोंगटीची पाठ पाहायची तर विमान पाठवावे लागते.

किनाऱ्यावरच्या चकमकीत संख्येला आपोआप मोठा फायदा देऊ नये. फौजेची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते हा इंग्रज इंजिनियर लँचेस्टरचा नियम तेव्हा लागू पडतो, जेव्हा सगळ्यांना सगळ्यांवर नेम धरता येतो. अरुंद वाळूवर पुढचे लढतात आणि मागचे वाट पाहतात. म्हणून षट्कोनाच्या एका बाजूतून तीनच कंपन्या हल्ला करू शकतात. निकाल दोन फाशांच्या बेरजेवर. एका फाशात टोकाचे निकाल मधल्याइतकेच वेळा येतात, आणि चांगली योजना एका ६ ने बुडते.

बेटावरच्या ६० हजार लोकांना सोंगट्या दिल्याच पाहिजेत. पहिल्या गोळीनंतर ते धक्क्याकडे आणि विमानतळाकडे निघतात, म्हणजे नेमक्या त्याच रस्त्यांवर जे दोन्ही फौजांना हवे असतात. गर्दीच्या षट्कोनात वाहनांची चाल निम्मी. तिथे तोफा चालवणाऱ्याचे राजकीय गुण जातात, आणि ते गुण विजयाच्या हिशेबात धरलेले असतात. निळ्या सेनापतीने लोकांना आधीच डोंगरापलीकडे हलवायचे ठरवले तर त्याचे ट्रक दोन फेऱ्या गुंततात. फौजी मंडळींनी या नियमावर सगळ्यांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता.

जिंकणे म्हणजे काय, हे गाव ताब्यात आले एवढ्यावर ठेवले तर निळा सगळी फौज गावात कोंबतो आणि खेळ तिथेच थिजतो. लालची अट अशी ठेवली: धावपट्टी सलग दोन फेऱ्या वापरता यावी आणि निळ्याची एकही तोफ तिच्यापासून २० किमीच्या आत नसावी. धावपट्टीचे महत्त्व आपल्याला ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये दिसले. आग्र्याहून निघालेली आयएल-७६ विमाने हुलहुले बेटावर उतरू शकली, कारण तिथला विमानतळ बंडखोरांनी ताब्यात घेतलेला नव्हता. पुढे राजधानी मालेला जायला मात्र होड्याच लागल्या. निळ्याचा मित्रदेश आधी बाराव्या फेरीला आपोआप मदतीला यायचा. त्यामुळे निळा नुसता दडून बसायचा. आता मित्रदेश फासा तेव्हाच टाकतो, जेव्हा निळ्याच्या ताब्यात धक्का किंवा धावपट्टी यांपैकी एक तरी शाबूत असते.

खोल्या तीन: लाल, निळी आणि पंचांची. फोन दाराशी जमा. आदेश चिठ्ठीवर, तीन ओळींत: कोण, कुठे, कशासाठी. "कशासाठी" लिहिलेले नसेल तर चिठ्ठी परत. हेतू कळल्याशिवाय पंचाला अनपेक्षित प्रसंगी तुकडी काय करेल ते ठरवता येत नाही. फेरीला ४० मिनिटे: विचाराला २०, निकालाला १५, सांगायला ५. घसरते ते नेहमी मधल्या १५ मध्ये. समुद्र, हवा आणि जमीन यांना तीन वेगळे पंच दिले आणि मुख्य पंचाने फासे हातात घ्यायचे नाहीत असे ठरवले, तेव्हा वेळ आवाक्यात आली. पंचांनी दिलेला निकाल मागे घेता येत नाही. १९४२ मध्ये मिडवेच्या आधी जपान्यांनी केलेल्या सरावात विमानवाहू जहाजे बुडाल्याचा पंचांचा निकाल अ‍ॅडमिरल उगाकींनी फिरवला होता. प्रत्यक्ष लढाईत त्यांची चार विमानवाहू जहाजे गेली.

चाचणी तीन टप्प्यांत करावी. आधी एकट्याने, फासे न टाकता, फक्त जहाजे भरून आणि भरतीच्या पट्टीवर सरकवून. बहुतेक आकडे इथेच बदलतात. मग पहिल्या आठ फेऱ्यांचा अर्धा खेळ, आणि मगच पूर्ण. प्रत्येक वेळी एकच आकडा बदलावा. दोन बदलले की फरक कशाने पडला ते कळत नाही. आता उरला आहे हेलिकॉप्टरांचा नियम. एका खेपेला बारा, प्रत्येकात २४ माणसे, म्हणजे कागदावर २८८. पण २४० किमी जाऊन परत यायला आणि पुन्हा भरायला तीन तास जातात, शिवाय रोज बारापैकी काही दुरुस्तीत असतात. सहा तासांच्या फेरीत दोन खेपा द्याव्यात की दीड यावर एकमत झालेले नाही. तोवर पहिल्या फेरीत दोन आणि नंतर एक, अशी पुस्तिकेत पेन्सिलीने नोंद आहे.